भज्जू श्याम यांचे लंडन

आजच्या भाषणाचा विषय चित्रकलेचा आहे आणि वक्ता मात्र चित्रकार नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यातील प्राथमिक शाळांत छत्तीस वर्षे मास्तरकी केलेला एक साधा मनुष्य आहे. चित्रकलेचे तास मी पुष्कळ घेतले; परंतु ते कसे घेतले, हे आठवले म्हणजे आज मन खाते, आणि त्या खंतीतूनच हे भाषण निघाले आहे. शिवाय ध्वनिक्षेपकापुढे बसून चित्राविषयी बोलणे म्हणजे पान न वाढता पक्वान्नाची चव सांगण्यासारखे आहे. तथापि आपण डोळे मिटून माझ्याबरोबर थोडे चालाल, तर जे दाखविता येत नाही ते निदान सुचविता येईल, अशी मला आशा आहे.

प्रथम आपण कचारगडास जाऊ. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला सालेकसा तालुका आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया सोडून पुढे निघाला, की आमगाव, सालेकसा अशी स्थानके घेत दरेकसा येथे डोंगरास भिडतो. ह्या दरेकसाजवळ धनेगाव नावाचे लहानसे गाव आहे, आणि त्या गावावरून साग, ऐन, मोह व बांबू यांच्या रानातून वाट चढत चढत कचारगडच्या गुहेपाशी पोचते. गुहा मनुष्याने कोरलेली नाही, निसर्गाची आहे. आत शिरले की प्रथम अंधार वाटतो, आणि मग वर पाहावे तो छताला पडलेल्या मोठ्या विवरातून उजेड खाली उतरत असलेला दिसतो. माघ पौर्णिमेस येथे यात्रा भरते. महाराष्ट्रातूनच नव्हे, तर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा चहूबाजूंच्या प्रांतांतून गोंड समाजाचे लोक येतात. पिवळे उपरणे गळ्यात घातलेले म्हातारे, पाठीशी पोर बांधलेल्या बाया, कॉलेजात शिकणारी मुले, सारे एकमेकांस ‘जय सेवा’ म्हणत ती चढण चढतात.

ह्या गुहेची कथा यात्रेकरू सांगतात ती अशी. काली कंकाली मातेची तेहतीस मुले फार दांडगाई करू लागली, म्हणून त्यांस ह्या गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा बसविण्यात आली. शिळा कोणाच्या बळाने हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा एक वादक आला आणि किंगरी वाजवू लागला. ते सूर ऐकून आतील मुलांच्या अंगी असे काही बळ संचरले, की सर्वांनी मिळून रेटा दिला आणि शिळा ढळली. मुले बाहेर आली. परंतु तीच शिळा अंगावर येऊन तो वादक मात्र चिरडला गेला. पुढे पारी कुपार लिंगो ह्या आद्यगुरूने त्या मुलांस शिकविले आणि गोंडांची गोत्रे लावून दिली. ही कथा इतिहास आहे की नाही, हा माझा आजचा प्रश्न नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र आपण ध्यानात ठेवावी: शिळा तलवारीने हलली नाही, सुरांनी हलली, आणि ज्याने ती हलविली त्याला त्याचे मोल द्यावे लागले. चित्रकारांविषयी बोलताना ह्या दोन्ही गोष्टी आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

आता माझी गोष्ट सांगतो. सन १९९१ मध्ये मी ह्याच परिसरातील एका शाळेत चौथीच्या वर्गावर होतो. चित्रकलेच्या तासाला मी ‘आगगाडी’ हा विषय दिला. आमची पद्धत अशी होती, की मास्तरांनी आधी फळ्यावर चित्र काढावयाचे आणि मुलांनी ते पाटीवर किंवा वहीत उतरवावयाचे. मी चार चौकोनी डबे काढले, खाली गोल चाके काढली, इंजिनाला धुराडे काढले. वास्तविक त्या सुमारास आमच्या मार्गावर धुराड्याच्या इंजिनाची जागा विजेच्या इंजिनाने घेतलेली होती. पण माझ्या लहानपणीच्या पुस्तकातील इंजिन धुराड्याचे होते, म्हणून फळ्यावरचेही धुराड्याचे! सगळ्या वर्गाने मुकाट्याने डबे काढले. एका गोंड मुलाने तेवढे काढले नाहीत.

त्याच्या वहीत मी पाहिले तर डोंगर असा नव्हताच. एक थोरला रानगवा पाय दुमडून बसला होता. त्याच्या तोंडातून एक लांबलचक साप बाहेर पडत होता. सापाच्या अंगावर खवले होते, आणि प्रत्येक खवल्यात एक एक डोळा होता. मी विचारले, “ही कुठली आगगाडी? हा तर साप आहे.” तो खाली पाहत म्हणाला, “गुरुजी, रातच्याला अशीच दिसते.” वर्ग हसला. मीही हसलो असेन. मी खोडरबर त्याच्या हाती दिला आणि फळ्याकडे बोट दाखविले. त्याने सापही खोडला, गवाही खोडला, आणि चार डबे काढले. मी त्याला दहांपैकी सात गुण दिले.

श्रोतेहो, शून्य दिले असते तर बरे झाले असते, असे मला आता वाटते. शून्य मिळालेला मुलगा निदान मनात रागावतो, आणि राग आला म्हणजे आपले खरे जपून ठेवतो. सात गुण मिळालेला मुलगा समजतो, की गुरुजींचेच बरोबर.

ह्या गोष्टीचा मला विसर पडला होता. पुढे वीस-एक वर्षांनी, माझी मुलगी नागपुरास असते, तिने मला एक पुस्तक आणून दिले. पुस्तक इंग्रजी होते. पण चित्रांचे होते, म्हणून मला अवघड गेले नाही. त्याचे नाव ‘द लंडन जंगल बुक’. ते २००४ साली चेन्नईच्या तारा बुक्स ह्या संस्थेने प्रसिद्ध केले. चित्रे काढणारा आणि आपली हकीकत सांगणारा भज्जू श्याम नावाचा गोंड चित्रकार. पाने उलटता उलटता एका पानावर लंडनची भुयारी रेल्वे आली, आणि ती होती जमिनीच्या पोटात सरपटत जाणारा एक प्रचंड जीव! मी पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. जे मी एका मुलाच्या वहीतून खोडून टाकले, तेच दुसऱ्याने काढले होते, आणि जगाने ते डोक्यावर घेतले होते.

हे भज्जू श्याम कोण? मध्य प्रदेशात, नर्मदेच्या उगमाकडील मैकल पर्वतराजीत, दिंडोरी जिल्ह्यात पाटणगढ नावाचे गाव आहे. पूर्वी तो मुलूख मंडला जिल्ह्यात मोडत असे. तेथे १९७१ साली भज्जूंचा जन्म झाला. त्यांची जमात परधान. हे परधान म्हणजे गोंडांचे भाट. परंपरेने ते गोंडांचे धाकटे भाऊ मानले जातात. थोरल्याने जमीन कसावी आणि धाकट्याने ‘बाना’ नावाचे तीन तारांचे वाद्य घेऊन थोरल्याच्या अंगणात यावे, बडा देवाला जागे करावे, राजांच्या व पूर्वजांच्या कथा गाव्यात, आणि थोरल्याने त्याला धान्य, वस्त्र, ढोर असे दान द्यावे, अशी ती जुनी रीत. बडा देवाचे वास्तव्य साजाच्या झाडात असते. ज्याला आपण ऐन म्हणतो तेच हे झाड. आपल्या विदर्भातही परधान आहेत. ते मराठी बोलतात, आणि त्यांच्या हातात किंगरी असते.

ह्या परधानांवरील पहिला मोठा ग्रंथ एका मराठी माणसाने लिहिला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. श्यामराव हिवाळे हे व्हेरियर एल्विन ह्यांचे सहकारी. दोघांनी मैकलच्या त्या डोंगरांत वर्षानुवर्षे वास्तव्य केले, आणि पाटणगढ हे त्यांच्या मुक्कामाचे एक गाव होते. हिवाळ्यांचा परधानांवरील इंग्रजी ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला.

पुढे काळ पालटला. गोंड शेतकऱ्याचीच जमीन गेली, जंगल गेले, तेव्हा तो भाटाला काय देणार? यजमानच उपाशी, मग गाणाऱ्याचे पोट कशावर चालावे? बाना खुंटीवर टांगला गेला. परधान मजूर झाला, रस्त्यावर खडी फोडू लागला. कथा मात्र डोक्यात राहिल्या. त्यांना बाहेर पडण्यास दुसरी वाट हवी होती.

ती वाट जनगढसिंह श्याम ह्या तरुणाने काढली. त्याचा जन्म १९६२च्या सुमाराचा. जनगणनेच्या धामधुमीत जन्मला म्हणून नाव जनगढ ठेवले, असे सांगतात. भोपाळ येथे भारत भवनाची उभारणी चालू होती, आणि तेथील कलासंग्रहाचे काम प्रसिद्ध चित्रकार जे. स्वामिनाथन ह्यांच्याकडे होते. स्वामिनाथनांनी तरुण चित्रकारांच्या तुकड्या खेडोपाडी पाठविल्या. पाटणगढास गेलेल्या तुकडीने एका घराच्या भिंतीवर चित्र पाहिले. ते जनगढचे होते. त्याला भोपाळास आणले. कागद दिला, शाई दिली, शहरी रंग दिले. १९८२ साली भारत भवन उघडले तेव्हा जनगढची चित्रे तेथे लागली होती. पुढे १९८९ साली पॅरिस येथे जगातील सर्व खंडांच्या चित्रकारांचे एक मोठे प्रदर्शन भरले, त्यातही तो होता. ज्या देवांची गाणी झाली होती पण चित्रे कधी झाली नव्हती, त्यांना जनगढने प्रथम रूप दिले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोंड चित्रकला म्हणजे हजारो वर्षे जशीच्या तशी चालत आलेली वस्तू, असे आपण ऐकतो. घराच्या भिंतीवर व अंगणात पांढरी छुई, गेरू, पिवळी माती आणि काळी माती यांनी नक्षी काढण्याची चाल जुनी आहे. तिला ‘ढिगना’ म्हणतात, आणि ती बायकांच्या हातची कला. अंगावरील गोंदण जुने आहे. गाणी तर फारच जुनी. पण कागदावरील चित्र, ठिपक्यांनी व बारीक रेघांनी भरलेली जनावरे, शिंगांतून उगवलेली झाडे, हे सारे गेल्या पंचेचाळीस वर्षांतील आहे आणि त्याचा आरंभ एका माणसापासून झाला. म्हणूनच जाणते लोक त्याला ‘जनगढ कलम’ म्हणतात. तेव्हा जुने ते अस्सल आणि नवे ते भेसळ, हा आपला सोपा हिशेब येथे लागू पडत नाही. आपल्याकडील जिव्या सोमा मशे ह्यांचे उदाहरण घ्या. वारल्यांच्या घरी लग्नप्रसंगी सवाष्णींनी चौक लिहावा अशी रीत होती. मशे ह्या पुरुषाने लग्न नसतानाही रोज चित्र काढावयास घेतले, आणि मासेमारीपासून नाचापर्यंत सारा संसार त्यात आणला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. त्यांनी रीत मोडली, म्हणूनच वारली चित्र आज घरोघर ओळखले जाते.

आता भज्जूंकडे वळू. भज्जू हे जनगढचे पुतणे. लहानपणी आई भिंती रंगवीत असे, आणि जेथे तिचा हात पुरत नसे तेथे हा मुलगा रंग लावी. घरची गरिबी. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो भोपाळास आला. रात्रीची राखणदारी केली, विजेच्या तारा बसविण्याचे काम केले. मग काकांनी हाताशी घेतले. काकांनी चित्राची बाह्यरेषा काढावी आणि पुतण्याने आत ठिपके व रेघा भराव्या, असे शिक्षण चालले. गुरूच्या घरची ही रीत आपल्या जुन्या गवयांच्या घरच्यासारखीच आहे: आधी तंबोरा धरावयाचा, मग गावयाचे. ह्या घराण्यात प्रत्येकाने आपली स्वतःची भरणी शोधावी असा दंडक आहे. भरणी पाहिली की जाणता मनुष्य चित्रकाराचे नाव सांगतो. सहीकडे पाहण्याची गरज पडत नाही.

ह्या शतकाच्या आरंभी भज्जूंना लंडनहून बोलावणे आले. इस्लिंग्टन भागातील एका हिंदुस्थानी उपाहारगृहाच्या भिंती रंगवावयाच्या होत्या. बरोबर रामसिंह उर्वेती हे दुसरे गोंड चित्रकार होते. भज्जूंनी तोवर विमानात पाऊल ठेवले नव्हते आणि इंग्रजी त्यांना येत नव्हते. दोन महिने ते तेथे राहिले, भिंती रंगविल्या आणि परत आले. एखादा परत येऊन काय सांगेल? इमारती उंच, रस्ते स्वच्छ, थंडी फार. भज्जूंनी असे काही केले नाही. त्यांनी लंडन पाहिले ते आपल्या गावच्या डोळ्यांनी, आणि त्याच डोळ्यांनी ते कागदावर उतरविले.

आपण आता डोळे मिटा. पहिले चित्र विमानाचे. एवढे अवजड यंत्र आकाशात कसे उडते, हे ज्याने प्रथमच पाहिले त्याला काय वाटावे? हत्ती उडावा तसे! म्हणून चित्रात आकाशात हत्ती उडतो आहे. दुसरे चित्र लंडनच्या त्या जगप्रसिद्ध घड्याळाचे. ज्या घड्याळावर अवघ्या साम्राज्याने आपली घड्याळे लावली, ते बिग बेन. आणि गोंड गावातील घड्याळ कोणते? कोंबडा! चित्रात एक भव्य कोंबडा आहे आणि घड्याळाची तबकडी हा त्याचा डोळा आहे. दोन काळ एकमेकांस भेटले. कोणी कोणाला खोडले नाही. तिसरे चित्र तीस क्रमांकाच्या बसगाडीचे. अनोळखी शहरात हीच गाडी त्यांना मुक्कामावरून कामावर नेई आणि परत आणी. म्हणून ती बस झाली इमानी कुत्रा. आणि चौथे चित्र तेथील लोकांचे. दिवसभर दिसत नाहीत आणि तिन्हीसांजा झाल्या की मद्यगृहांभोवती गोळा होऊन किलबिलाट करतात. असा प्राणी कोणता? वटवाघूळ! साहेबलोकांची वटवाघळे झाली. ते चित्र पाहताना मला आमच्याकडील मोहाची झाडे आठवली, आणि हसू आवरेना. पण ह्या हसण्यात विखार नाही. गोंडाच्या दृष्टीने वटवाघूळ हाही शेजारीच आहे.

पुस्तकाच्या नावातही एक मौज आहे. किपलिंगसाहेबांचे ‘जंगल बुक’ १८९४ साली निघाले. त्यातील मोगलीचे रान म्हणजे शिवनीचे रान. आमच्या गोंदियाच्या उत्तरेस बालाघाट आणि त्याच्या पलीकडे शिवनी. म्हणजे आमच्या शेजारच्या अरण्याची गोष्ट इंग्रजाने सांगितली आणि साऱ्या जगाने ती ऐकली. त्या गोष्टीत त्या रानचा गोंड कितीसा आहे? शंभरांवर वर्षे लोटल्यावर त्याच मुलखातील एक गोंड उठला, साहेबाच्या राजधानीत गेला आणि तिचे जंगल करून घेऊन आला. कर्ज फिटले म्हणावे तर असे! आणि तेही भांडणतंटा न करता.

आता आपण विचाराच्या गाभ्याशी आलो. आजचा काळ जागतिकीकरणाचा आहे असे म्हणतात. सारी पृथ्वी म्हणजे एकच बाजारपेठ. ह्या बाजारात लहान जमातीचे काय होणार, अशी भीती पुष्कळांना वाटते, आणि ती खोटी नाही. गोंडी भाषेचेच पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ती मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक आहेत. तरीही घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थान मिळालेले नाही, आणि माझ्यासारख्या शेकडो मास्तरांनी गोंडांच्या मुलांना गोंडीचा एक शब्द न जाणता शिकविले. तेव्हा खोडरबर केवळ परदेशी बाजाराच्याच हाती असतो असे नाही. तो आपल्या हातीही असतो, आणि आपण तो अधिक जवळून चालवितो.

बाजार काय करू शकतो, ह्याची कहाणी जनगढच्या मृत्यूत आहे. ती सांगताना जीव जड होतो. २००१ साली तो जपानमधील निगाता प्रांतात, तोकामाची येथील एका संग्रहालयासाठी चित्रे काढण्यास गेला होता. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्याने तेथेच आपल्या जीवनाचा अंत केला. वय चाळिशीच्याही आत. घर दूर, भाषा परकी, भोवती ओळखीचे कोणी नाही. भारतातील चित्रकारांनी चौकशीची मागणी केली, सभा भरविल्या. पण गेलेला मनुष्य परत आला नाही. पुढे २०१० साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याचे एक चित्र ३१,२५० डॉलरांस गेले. विकणारा होता, घेणारा होता, चित्रकार तेवढा नव्हता. हिरासुका पाटालीराची कथा मी आरंभी सांगितली, ती येथे आठवावी. ज्याने शिळा हलविली, तिच्याखाली तोच सापडला.

आणि तरी शिळा हलली, हेही खरेच आहे. आज पाटणगढच्या घराघरांत चित्रकार आहेत. भज्जूंना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्याच घराण्यातील दुर्गाबाई व्याम ह्यांना २०२२ साली मिळाली. भज्जू, दुर्गाबाई आणि रामसिंह ह्या तिघांचे झाडांच्या रात्रजीवनाविषयीचे पुस्तक हातकागदावर हातांनी छापलेले आहे, आणि इटलीतील बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत २००८ साली त्याचा गौरव झाला.

आम्हां महाराष्ट्रीयांना अधिक जवळची गोष्ट म्हणजे ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम ह्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन गोंड शैलीत चितारले, आणि ते पुस्तक २०११ साली निघाले. सामान्य चित्रकथेत पानावर चौकटी असतात आणि पात्रे त्यांत कोंडलेली असतात. व्याम दांपत्याने सांगितले, की आमची पात्रे आम्ही चौकटीत कोंडणार नाही. अस्पृश्यतेची बंधने तोडणाऱ्या पुरुषाचे चरित्र चौकटीत कसे घालावयाचे? आणखी एक युक्ती पाहा. चित्रातील माणूस बोलतो तेव्हा शब्दांभोवती जो फुगा काढतात, तो गोड बोलणाऱ्याच्या तोंडी पक्ष्याच्या आकाराचा आहे. विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. हे कोणत्याही कलाशाळेत शिकविले गेले नव्हते. महाराष्ट्राची कथा, गोंडांची रेघ आणि जगभर वाचक. तिघांपैकी कोणाचेही काही हिरावले गेले नाही.

तेव्हा मला वाटते ते असे. संस्कृती ही बरणीत घालून झाकण लावावयाची वस्तू नव्हे. झाकण लावून ठेवले तर ती टिकेल, पण कोणाच्या पानात पडणार नाही. आणि ती बाजारात टाकून दिलेला मालही नव्हे. आज पेल्यांवर, पडद्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर गोंड व वारली चित्रे यंत्राने छापलेली दिसतात; काढणाऱ्याचे नाव नाही, पैसाही त्याच्या घरी जात नाही. वारली चित्रांना व दिंडोरीच्या गोंड चित्रांना सरकारने भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण दिले आहे, ते योग्यच झाले. पण कायदा नाव राखतो. डोळा राखणे कायद्याच्या हाती नाही. भज्जू लंडनमध्ये हरवले नाहीत, ह्याचे कारण त्यांनी आपल्याबरोबर काही ठेवणीतली चित्रे नेली नव्हती. त्यांनी आपली पाहण्याची रीत नेली होती. चित्र चोरता येते, नक्कल करता येते. पाहण्याची रीत मात्र ज्याची त्याच्याजवळ राहते. फक्त तो लहान असताना कोणी ती खोडून टाकू नये एवढीच अट आहे.

शेवटी माझ्या त्या विद्यार्थ्याविषयी सांगून आटोपतो. काही वर्षांपूर्वी माघ पौर्णिमेच्या यात्रेत तो मला कचारगडच्या पायथ्याशी भेटला. त्यानेच ओळखले, वाकून नमस्कार केला. आता तो रेल्वेच्या रुळांच्या देखभालीच्या कामावर आहे; म्हणजे त्याची आणि आगगाडीची गाठ रोजचीच. मी त्याला ती जुनी गोष्ट सांगितली आणि म्हटले, “बाबा, तेव्हा माझे चुकले.” तो गोंधळून गेला. म्हणाला, “गुरुजी, मला तर कायबी आठवत नाही.” मग थोडे थांबून म्हणाला, “पण रातच्याला डोंगरातून गाडी निघते ना, तवा अजूनबी सापावानीच दिसते.”

मी विचारले, “आता चित्र काढतोस का?” तो हसला. “नाही, गुरुजी. मला कुठं येते चित्र?”

श्रोतेहो, ते उत्तर मी दिलेल्या सात गुणांचे होते. मला पुढे बोलवेना.

त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी बरोबर होती. भज्जूंचे पुस्तक मी त्या दिवशी पिशवीत नेले होते, कोणाला तरी दाखवावे म्हणून. ते मी तिच्या हाती दिले. ती तेथेच दगडावर बसली आणि पाने उलटू लागली. भुयारी रेल्वेचे पान आले तशी बापाला म्हणाली, “आपल्या गाडीचं चित्र आहे.” मी म्हटले, “ती लंडनची गाडी आहे, बाळ.” तिला त्यात काही विशेष वाटले नाही. पुस्तक मी परत मागितले नाही.

माझ्या शिक्षक बंधुभगिनी हे भाषण ऐकत असतील, तर त्यांच्याजवळ एकच मागणे आहे. आपण उद्या वर्गात चित्राचा विषय द्याल, तेव्हा आधी फळ्यावर काही काढू नका. विषय सांगा आणि स्वस्थ बसा. कोणी आगगाडीचा साप काढील, कोणी डोंगराचा गवा काढील, आणि पुष्कळजण नुसते चार डबे काढतील. डबे काढणाऱ्यांनाही गुण द्या. पण ज्याने साप काढला असेल त्याच्याजवळ जरा बसा, आणि गाडी तशी कोठून दिसते, हे त्याला विचारा.